बोअर लहान, छर्रा जड

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या अगरा तलावाच्या काठावर सकाळी थोडा वेळ उभं राहा. हळदीकुंकू बदकं शेपटी वर करून डोकं पाण्यात खुपसतात आणि तळाचा चिखल चाळतात. त्यातून दाणे, किडे मिळतात आणि बारीक खडेही. बदकाला दात नाहीत. गिळलेले खडे पोटातल्या पेषणीत साठतात आणि त्यांच्यावर बी भरडलं जातं. पण चिखलात शिशाचा छर्रा पडलेला असेल, तर बदक तोही खडा समजून गिळतं. पेषणीत तो झिजतो, आम्लात विरघळतो आणि शिसं रक्तात उतरतं. एखाद-दुसरा छर्राही बदकाचा जीव घ्यायला पुरतो.

म्हणूनच अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले. शिकारीसाठी कोणत्या बोअरची बंदूक घ्यावी, हा जुना हिशेब त्या बंदीने पार बदलला. कसा, ते पाहताना मी थक्क झालो.

आधी बोअर म्हणजे काय ते बघू. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाच्या बारा सारख्या गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअर. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी अरुंद. अठ्ठावीसची आणखी अरुंद. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते : १८.५, १५.६ आणि १४ मिलिमीटर. आपल्याकडे ओळखीची ती बारा बोअर. १८६९ साली सुरू झालेल्या पुण्यातल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तिची काडतुसं बनत आली आहेत.

शिशाच्या जागी पोलादाचे छर्रे आले आणि अडचण झाली. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पट, पोलादाची आठ पटीहूनही थोडी कमी. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो, म्हणून तो मोठा घ्यावा लागतो. शिशाचा ३.३ मिलिमीटरचा छर्रा चालायचा, तिथे पोलादाचा ३.८ चा लागतो. मोठे छर्रे जागा खातात आणि अठ्ठावीसच्या चिमुकल्या काडतुसात मोजकेच मावतात. छर्रे विरळ पडले की पक्षी मरत नाही, जखमी होऊन लव्हाळ्यात जाऊन पडतो. त्यामुळे लहान बोअर बदकांसाठी निरुपयोगीच ठरली.

मग टंगस्टन आलं. त्याच्या मिश्रधातूची घनता पाण्याच्या अठरा पट! वेग सारखाच असेल तर छर्रा किती खोल शिरेल, याचा ढोबळ अंदाज व्यास आणि घनता यांच्या गुणाकारावरून येतो. शिसं : ३.३ गुणिले ११, म्हणजे ३६. टंगस्टन : फक्त २ मिलिमीटर गुणिले १८, तेही ३६. पोलादाचा ३.८ चा छर्रा मात्र तीसच्या आसपासच अडकतो. मोहरीच्या दाण्याएवढा टंगस्टनचा कण शिशाच्या जाड छर्र्याइतका आत शिरतो. शिवाय एका औंसात पोलादाचे सव्वाशेच्या आसपास छर्रे बसतात, तर टंगस्टनचे साडेतीनशेहून अधिक. अरुंद नळीतूनही छर्र्यांचा दाट पट्टा निघतो आणि ज्या लहान बोअरला मोडीत काढलं होतं तीच पुन्हा कामाची होते.

टंगस्टन महाग आहे आणि अतिशय कठीणही, त्यामुळे जुन्या मऊ नळ्यांना ते ओरखडतं. म्हणून छर्रे जाड प्लॅस्टिकच्या पेल्यात भरतात. दोन बोअरच्या बंदुका बाळगताना आणखी एक जपायचं : बारा बोअरच्या नळीत वीसचं काडतूस चुकून गेलं तर ते घसरून पुढे अडकतं. मागून बाराचं घालून चाप ओढला की नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी.

भारतात बदकांसाठी कोणती बोअर घ्यावी, हा प्रश्न शिकाऱ्यापुढे येतच नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनी रानबदकांची शिकार इथे गुन्हा ठरवली आहे. पण अमेरिकेतला भाचा वीस घेऊ की अठ्ठावीस असं विचारत असेल, तर त्याला काडतुसात कोणता धातू आहे ते आधी बघायला सांगा. पाणथळीवर शिसं तर मुळीच नको.