नेमबाजीतला संघ

आम्हां पळसदेवकरांना संघ म्हटला की कबड्डी आठवते. एक बाद झाला तर दुसरा त्याला जिवंत करतो. नेमबाजीत तसे नाही. राष्ट्रीय स्पर्धेत कनिष्ठ गटाच्या एअर रायफल संघात तिघे असतात. 10 मीटरवरील लक्ष्यात दहाचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे! प्रत्येकाने 75 मिनिटांत 60 छर्रे झाडायचे. तिघांच्या गुणांची बेरीज ती संघाची. कुणी कुणाला सावरू शकत नाही. मात्र एकाचा हात थरथरला की पदक तिघांचे हुकते. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत, 50 मीटर प्रकारात, कोल्हापूरकडील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे व त्यांच्या दोघा सोबत्यांनी 1800 पैकी 1769 गुणांनी सुवर्णपदक जिंकले, ते याच बेरजेने. मला वाटते, आपण शांत राहणे हीच येथे सोबत्याला मदत.