ग्रँडमास्टरांचं इंजिन मूलच्या पोरांच्या हाती

जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. विदर्भातल्याच मूल, सावली, धानोऱ्यात पट मांडून बसणाऱ्या पोरांपुढे आता घरचंच उदाहरण आहे. गावात तगडा प्रतिस्पर्धी मिळणं अवघड, हे खरं. पण ग्रँडमास्टर ज्यावर आपले डाव तपासतात, ते इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम, या पोरांनाही फुकट मिळतं.

पूर्वी त्यासाठी खिसा रिकामा करावा लागे. १९७७मध्ये अमेरिकेतल्या फिडेलिटी कंपनीनं ‘चेस चॅलेंजर’ हे बुद्धिबळ खेळणारं यंत्र बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी डॅन आणि कॅथी स्प्रॅकलन या दांपत्याचा ‘सार्गन’ प्रोग्राम आला. १९९१मध्ये हॅम्बर्गच्या चेसबेसनं ‘फ्रिट्झ’ विकायला काढला. १९९७मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा ‘डीप ब्लू’ हा आयबीएमचा खास बांधलेला महासंगणक होता. तो विक्रीला कधीच नव्हता. पण २००६मध्ये बॉन इथं जगज्जेता क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’कडून २–४ असा हरला, तेव्हा समोर साधा पीसी होता.

इंजिन चालतं कसं? आपली खेळी, त्यावर समोरच्याचं उत्तर, पुन्हा आपली खेळी, अशा फांद्या ते तपासत जातं. घोड्यानं प्यादं मारलं की समोरचा आपला वजीर उचलतो आणि बदल्यात काहीच हाती लागत नाही, हे दिसलं की ती फांदी तिथंच छाटायची. या छाटणीमुळे वाचलेला वेळ चांगल्या खेळ्यांत आणखी खोल उतरायला मिळतो. शेवटी प्रत्येक स्थितीला आकडा मिळतो. ‘+१’ म्हणजे पांढऱ्याकडे साधारण एका प्याद्याइतकं वर्चस्व.

२००८मध्ये आलेल्या ‘स्टॉकफिश’ या इंजिनचा कोड सर्वांना खुला आहे. जगभरातल्या स्वयंसेवकांनी तो सुधारत नेला आणि २०२०मध्ये त्याला उदाहरणांतून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कची जोड मिळाली. चेसबेसनं विकलेलं ‘फॅट फ्रिट्झ २’ याच कोडवर उभं होतं. खुल्या परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून स्टॉकफिशचे लेखक २०२१मध्ये जर्मनीत कोर्टात गेले आणि २०२२मध्ये तडजोड झाली. सर्वांनी मिळून घडवलेली वस्तू सर्वांचीच राहावी, यासाठी हा लढा होता आणि तो आपल्याही पोरांसाठी मोलाचा आहे.

स्टॉकफिश साध्या फोनवर, इंटरनेट नसतानाही चालतं. जंगलपट्ट्यात याचं मोल फार मोठं. मात्र इंजिन चाल सांगतं, तिच्यामागचं कारण सांगत नाही. म्हणून डाव संपला की आधी आपली चूक आपणच शोधावी, तिचं कारण वहीत लिहावं आणि मगच इंजिन उघडावं. शाळांनी आठवड्यातून एक तास पट मांडून पोरांना ही सवय लावावी. इंजिनला पैसे पडत नाहीत, आता वेळ तेवढा काढायला हवा.