चार सोलापूरचे, चार रंगूनचे

आज १२ जानेवारी. १९३१ साली याच दिवशी पुण्याच्या येरवडा तुरुंगात सोलापूरच्या चार पुत्रांना फाशी देण्यात आले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही चार नावे या शहरातील शाळकरी मुलालाही पाठ आहेत. त्यांच्या पुतळ्यांना आज हार घातले जातील, भाषणे होतील, आणि सायंकाळपर्यंत ती फुले कोमेजून जातील. स्मरणाचा हा विधी आम्हांला पूज्यच आहे. परंतु केवळ विधी उरला म्हणजे स्मरणाचे काय होते, हे श्राद्धपक्ष पाळणाऱ्या समाजाला वेगळे सांगावयास नको. म्हणून आज नेहमीचे गुणगान बाजूस ठेवून एक अवघड प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते. जो अन्याय सोसल्याबद्दल आपण स्वतःस हुतात्म्यांचे शहर म्हणवितो, तोच अन्याय शेजाऱ्याच्या घरी घडला असता आपण काय केले?

आम्ही ब्रह्मदेशाविषयी बोलत आहोत. २०२२ च्या जुलै महिन्यात तेथील लष्करी राजवटीने चार माणसांना फाशी दिल्याचे जाहीर केले. त्यांतले फ्यो झेया थॉ हे लोकांनी निवडून दिलेले माजी खासदार, तर क्यॉ मिन यू हे १९८८ च्या विद्यार्थी चळवळीतले जुने कार्यकर्ते. उरलेल्या दोघांवर लष्कराच्या खबरी समजल्या गेलेल्या एका स्त्रीच्या हत्येचा आरोप होता. खटले लष्करी न्यायालयात, बंद दाराआड चालले. कित्येक दशकांत त्या देशात फाशीची अंमलबजावणी झालेली नव्हती. येथेही चार आणि तेथेही चार, एवढा योगायोग सोडून दिला तरी दोन्हींमधील साम्य आकड्यावर थांबत नाही.

आधी आपली कथा. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला. देशात असे धाडस प्रथम करणारी नगरपालिका आपली, हा अभिमान हे शहर आजही बाळगते. पुढे मे महिन्याच्या आरंभी गांधीजींना अटक झाल्याची वार्ता आली आणि शहर पेटले. गिरण्या थांबल्या, पेठा बंद झाल्या. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहावरून चकमक उडाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे पडली. शंकर शिवदारे हा तरुण त्या दिवसाचा पहिला बळी. खवळलेल्या जमावाने पोलीस चौक्या आणि न्यायालय जाळले. मंगळवार पेठेच्या चौकीत पोलिसांची हत्या झाली. ही गोष्टही आपण लपवू नये. अधिकारी शहर सोडून गेले आणि ९, १० व ११ मे असे तीन दिवस सोलापुरात सरकार असे उरलेच नाही.

या तीन दिवसांत काय घडावयास हवे होते? लष्कराशिवाय लोक एकमेकांचे गळे कापतात, हा राज्यकर्त्यांचा सिद्धान्त खरा असता, तर सोलापूरची स्मशानभूमी व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात शहर काँग्रेसचे अध्यक्ष रामकृष्ण जाजू आणि त्यांचे सहकारी यांनी बंदोबस्त हाती घेतला. स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहिले आणि व्यवहार सुरळीत चालले. तरीही १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत शहराच्या उरावर बसला. राष्ट्रध्वज बाळगणे हा गुन्हा ठरला. डोक्यावरची गांधी टोपी सैनिकांच्या डोळ्यांत खुपू लागली. शिस्त बिघडली म्हणून हे लष्कर आले नव्हते. सरकारावाचूनही शिस्त राहू शकते हे लोकांनी दाखवून दिले, हाच त्याच्या दृष्टीने खरा अपराध होता. मंगळवार पेठेतील हत्येचा ठपका ज्या चौघांवर आला, त्यांचा त्यात हात नव्हता असे हे शहर तेव्हापासून मानीत आले आहे. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि ‘गजनफर’ हे पत्र चालविणारा एक मुसलमान. सोलापूरच्या पेठांची जणू ती प्रतिमाच होती.

आता ब्रह्मदेश पाहा. ८ नोव्हेंबर २०२० रोजी तेथे सार्वत्रिक निवडणूक झाली. आंग सान सू ची यांच्या पक्षाने मतदानास लागलेल्या ४७६ जागांपैकी ३९६ जागा जिंकल्या. लष्कराच्या पाठीशी असलेल्या पक्षाला ३३ मिळाल्या. संसदेतील पाव जागा राज्यघटनेने लष्करासाठी आधीच राखून ठेवलेल्या असताना, उरलेल्यांपैकीही बहुसंख्य लोकांनी त्याच्या विरोधात भरल्या. १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे, नवी संसद भरण्याच्या दिवशीच, लष्कराने सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट यांना अटक केली. लोक रस्त्यावर उतरले. डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी सरकारी काम सोडले. रोज रात्री घराघरांतून भांडी वाजू लागली. ९ फेब्रुवारीस राजधानीत एका तरुण मुलीच्या डोक्यात गोळी लागली आणि दहा दिवसांनी ती वारली. २७ मार्च हा तेथील सैन्यदिन. त्या दिवशी संचलन चालू असतानाच देशभरात शंभराहून अधिक नागरिकांना ठार करण्यात आले.

या साऱ्यात सोलापूरकराने विशेष लक्षात ठेवावे असे एक नाव आहे, हलाइंग थायार. रंगूनच्या कडेची ही कामगारवस्ती. खेड्यांतून पोटासाठी आलेल्या, कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रीपुरुषांची. १४ मार्च २०२१ रोजी तेथे सैन्याने आणि पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या चालविल्या. मानवी हक्क संघटनांच्या नोंदीप्रमाणे साठांहून अधिक माणसे मेली. त्याच दिवशी त्या वस्तीत मार्शल लॉ पुकारला गेला. ज्या शहराने गिरणीचे भोंगे ऐकत वयात येणे अनुभवले आहे, मागावर बसणाऱ्या हातांवर जे शहर उभे आहे, त्याला ही वस्ती परकी वाटण्याचे कारण नाही.

परकी नाही ती आणखी एका अर्थाने. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्याचाच एक प्रांत होता. लोकमान्यांना १९०८ साली राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, त्यांच्यावर सैन्याने गोळ्या झाडल्या, आणि लोकमान्यांना नेण्यात आले ते मंडालेस. गीतारहस्य त्याच तुरुंगात लिहिले गेले. इंग्रज दोन्ही देश सोडून गेला. पण त्याचे दंडविधान, त्याची जमावबंदी आणि त्याचे तुरुंग मागे राहिले. २०२१ मध्ये रंगूनच्या रस्त्यांवर जमाव करण्यास मनाई झाली ती आपल्याला चिरपरिचित असलेल्या १४४ व्या कलमानेच. बंदी ठेवले गेले ते इन्सेनच्या तुरुंगात, आणि तो इंग्रजांनीच बांधलेला आहे. आपल्या चौघांना ज्या यंत्राने चिरडले, त्याचाच एक भाग रंगूनला अद्याप फिरतो आहे.

येथे काही वाचक आक्षेप घेतील, आणि ते आक्षेप पोकळ नाहीत. पहिला असा की, सू ची या काही निष्कलंक पुढारी नव्हेत. रोहिंग्यांवर लष्कराने केलेल्या अत्याचारांनंतर २०१९ च्या डिसेंबरात त्या हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्या देशाच्या बचावासाठी स्वतः उभ्या राहिल्या. त्यांच्या कीर्तीला लागलेला तो डाग आम्ही पुसू इच्छीत नाही. परंतु मतदाराने दिलेला कौल पुढाऱ्याच्या पुण्याईवर अवलंबून नसतो. वाईट पुढारी बदलण्याचा अधिकार ज्याने त्याला निवडले त्याचा, बंदूकधाऱ्याचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. लोकनियुक्त सरकारे गोळ्या झाडीत नाहीत काय? झाडतात. संयुक्त महाराष्ट्रासाठी १९५५-५६ साली मुंबईच्या रस्त्यांवर रक्त सांडले ते स्वराज्यातल्या सरकारच्या पोलिसांनीच. शंभराहून अधिक माणसे त्या लढ्यात गेली. त्या गोळीबाराचे समर्थन आम्ही कधीही करणार नाही. पण पुढे काय झाले ते पाहावे. १९५७ ची निवडणूक आली आणि पश्चिम महाराष्ट्राने त्या गोळ्यांचा हिशेब मतपेटीत चुकता केला. काँग्रेसचे भलेभले पडले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मृत परत आले नाहीत, तरी त्यांच्या मरणाला उत्तर मिळाले. मताचे मोल एवढेच आहे आणि ते थोडे नाही: गोळीनंतरही लोकांच्या हाती एक शब्द शिल्लक राहतो.

सैन्य निवडून आलेल्या सरकारला उलथून टाकते तेव्हा ते नेमका हाच शब्द हिरावून घेते. ब्रह्मदेशात तो जिंकलेला पक्षच २०२३ मध्ये रद्द करण्यात आला आणि मग २०२५ च्या डिसेंबरापासून टप्प्याटप्प्याने निवडणुकीचा देखावा मांडण्यात आला. प्रतिस्पर्ध्याला आखाड्याबाहेर कोंडून मारलेली ही कुस्ती आहे. निःशस्त्र निदर्शनांनी सुरू झालेल्या लढ्यातील अनेक तरुणांनी पुढे शस्त्र उचलले, त्यांच्या हातूनही निरपराधांचे रक्त सांडले. त्याचे आम्हांला दुःख आहे, जसे मंगळवार पेठेतील शिपायांचेही आहे. मात्र ज्याने बोलण्याचे सारे दरवाजे बंद केले, त्याने दरवाजा फोडणाऱ्यास सभ्यता शिकवू नये.

आणि आपण? १८ जून २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या सत्तापहाराचा निषेध करणारा ठराव ११९ मतांनी संमत केला. विरोधात एकच मत पडले. ३६ देश तटस्थ राहिले, आणि त्यांत भारत होता. दिल्लीच्या अडचणी आम्हांला कळतात. सोळाशे किलोमीटरांहून लांब सरहद्द, ईशान्येतील बंडखोर, पलीकडे दबा धरून बसलेला चीन. राज्यकर्त्याला हे सारे तोलावे लागते. परंतु राज्याला अडचण असते म्हणून नागरिकालाही मौनव्रत घ्यावे लागते, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? मिझोरम हे लहानसे, गरीब राज्य. सीमेवरून येणाऱ्यांना रोखा असे केंद्राने कळविले असताना त्याने तीस हजारांहून अधिक निर्वासितांना आसरा दिला. खेड्यांनी तांदूळ गोळा केला, चर्चनी छत दिले. आपल्याकडे तेव्हा कोणती सभा भरली, कोणता ठराव झाला? आम्ही स्वतःसही हे विचारतो. या घटनांच्या बातम्या मराठी दैनिकांत आतल्या पानांवर चार ओळींत आल्या, आणि त्या ठिकाणी घालणारे आमच्याच व्यवसायाचे लोक होते.

आमची मागणी मोठी नाही. सीमेपलीकडून जीव वाचवून आलेल्यांना बळजबरीने परत ढकलले जाऊ नये, एवढे तरी दिल्लीला सोलापूरने सांगावे. आजच्या सभांत चौघांची नावे घेतली जातील तेव्हा त्यांना फासावर चढविणारी राज्यपद्धती कोणती होती, आणि ती आज कोठे जिवंत आहे, हेही मुलांना सांगितले जावे. शिक्षकांनी ते सांगावे, वक्त्यांनी सांगावे, आम्ही लिहू.

नऊ ते अकरा मे हे तीन दिवस सोलापूरच्या माणसाने साऱ्या जगाला दाखवून दिले की, राज्य हे लोकांच्या संमतीवर चालते. बंदूक तिची जागा घेऊ शकते, पण काम करू शकत नाही. ही गोष्ट आपण मोठी किंमत देऊन शिकलो. जो धडा आपण फाशीच्या दोराने शिकलो, तो दुसरे लोक त्याच दोराने शिकत असताना आपण पाठ फिरविली, तर येरवड्याला गेलेल्या चौघांपुढे आज हार घेऊन कोणत्या तोंडाने उभे राहावयाचे?