थायमिनेज : ‘ब-१’ तोडणारी विकरे

थायमिन : जीवनसत्त्व ब-१. पाण्यात विरघळते. रेणूत पिरिमिडिन आणि थायाझोल ही दोन वलये; त्यांना जोडणारा एका कार्बनचा दुवा. प्रौढांची रोजची गरज सुमारे १.१ ते १.२ मिलिग्रॅम. कमतरतेचा रोग : बेरीबेरी.

थायमिनेज : हा दुवा तोडणारे विकर. प्रकार दोन.

• थायमिनेज-१ : थायाझोल सुटते, त्या जागी अमाइनसारखा दुसरा रेणू जोडला जातो. आढळ : पेनिबॅसिलस थायामिनोलिटिकस हा जिवाणू, काही कच्चे मासे, शिंपले, ब्रॅकन नेचे.

• थायमिनेज-२ : पाण्याच्या साहाय्याने विघटन. आढळ : बॅसिलस सबटिलिस व इतर जिवाणू. मुख्य काम : खराब झालेल्या थायमिनमधील पिरिमिडिनचा भाग पुन्हा वापरात आणणे.

• शोधाची सुरुवात : १९३०चे दशक, मिनेसोटा, अमेरिका. फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे कार्प मासे खाऊन पक्षाघात.

• गुरे, शेळ्या-मेंढ्या : पहिल्या पोटातील जिवाणूंचे थायमिनेज वाढल्यास मेंदूला इजा, आंधळेपणा, झटके. उपचार : थायमिनची इंजेक्शने.

• उष्णता : मासे नीट शिजवल्यावर त्यांतील थायमिनेज निष्क्रिय होते.