यादीतून नाव काढलं, पुढे काय?

प्रोग्रामिंग शिकायला लागलेल्या मुलांना आपण पहिल्या महिन्यात काय करायला देतो? सम-विषम ओळख, पाढे छाप, मार्कांची सरासरी काढ. माझी भाची निपाणीत पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे, नुकतीच पायथन शिकतेय. तिला मी सुट्टीत जरा वेगळा सराव दिला, कारण खरं कामच समोर आलं होतं.

गावातल्या एका मंडळाने आरोग्य शिबिर घेतलं होतं. नाव, फोन, जन्मतारीख, पिनकोड, स्त्री की पुरुष, शुगर, बीपी, सगळं एकाच एक्सेलच्या शीटमध्ये. आपल्याकडे शुगर किती वाढलीय हे लोकांना कळावं म्हणून ही शीट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची होती. हेतू चांगलाच. शीट नीट करायचं काम भाचीकडे आलं. तिने नाव आणि फोनचे कॉलम उडवले. ‘झालं की मामा, आता कुणाची शुगर किती, कसं कळणार?’

म्हटलं, मोजून बघूया.

निपाणी शहराची लोकसंख्या ६० हजार धरू. जन्मतारखा साधारण ८० वर्षांत पसरलेल्या. ८० गुणिले ३६५, म्हणजे २९,२०० तारखा. स्त्री-पुरुष वेगळे केले की ५८,४०० कप्पे. माणसं ६० हजार! म्हणजे सरासरी एका कप्प्यात जेमतेम एक माणूस. सराव एवढाच: रँडमने ६० हजार खोटी माणसं तयार कर, डिक्शनरीत प्रत्येक कप्प्यातली डोकी मोज आणि एकटी किती उरतात ते छाप. पंधरा-वीस ओळींचं काम. उत्तर येतं शंभरातली ३५-३६. उरलेल्यांपैकी बहुतेकांना सोबत एका-दोघांचीच. आसपासची खेडी धरली तर गर्दी थोडी वाढते, पण फार नाही.

आता जन्मतारखेऐवजी फक्त जन्मवर्ष ठेव. कप्पे उरतात १६०, आणि एकेका कप्प्यात सरासरी ३७५ माणसं. एका कॉलमचा फरक!

‘पण एकटा सापडला तरी त्याचं नाव कुठाय?’ हा तिचा प्रश्न बरोबर होता. नाव दुसऱ्या यादीत असतं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या दवाखान्यातल्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या गेल्या. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि तिथला पिनकोड जुळवला आणि खुद्द राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली.

आपल्याकडे २० डॉलरसुद्धा लागत नाहीत. ग्रुपवर रोज कुणाच्या तरी नावाने केक येतो, म्हणजे दिवस आणि महिना कळला. साठीचा फ्लेक्स चौकात लागतो, म्हणजे वर्षही कळलं. वर फोटो असतोच. मुलीचं लग्न ठरवताना समोरच्या घरात कुणाला काय आजार आहे याची चौकशी करणारी माणसं आपल्याच गोतावळ्यात आहेत, हे काय नव्याने सांगायला हवं?

(जुनी मंडळी मात्र यातून सुटतात. शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेलं. त्या एका तारखेच्या गर्दीत आजोबा असे लपलेत की कुठला प्रोग्राम त्यांना शोधणार!)

पिनकोडचंही तसंच. ही पद्धत आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांची, १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली. कागल ४१६२१६, कोगनोळी नाका ओलांडून निपाणीत आलं की ५९१२३७. पहिल्या आकड्यातच सीमा कळते. पत्र पोचायला हे उत्तम, पण शुगरच्या यादीत त्याचं काय काम?

भाचीने प्रत्येकाला एक नंबरही दिला होता, आडनावाची अक्षरं आणि जन्मवर्ष जोडून. दिसायला सुटसुटीत, पण नंबरच चुगली करतो. आधारचे १२ अंक बघा. त्यात गाव, वय, लिंग काहीही दडवलेलं नाही. शेवटचा अंक आधीचे अकरा नीट लिहिलेत का ते तपासण्यापुरता. तो अंक पडताळणारा प्रोग्राम हा तिचा पुढचा सराव.

यात कायदाही येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. शिबिरात शाळकरी मुलंही तपासली होती. पण मला विचाराल तर कायद्याच्या आधी एक साधा प्रश्न पुरतो: हा कॉलम कुठल्या कामासाठी? वाढदिवसाच्या शुभेच्छांना दिवस आणि महिना पुरे. ज्येष्ठांच्या खुर्च्यांसाठी साठीच्या वर की खाली, एवढंच पुरे.

शेवटी ग्रुपवर शीट गेलीच नाही. गेला एक छोटा तक्ता: दहा-दहा वर्षांचे वयोगट, तपासलेले किती, शुगर जास्त किती. ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं होती तो शेजारच्या गटात मिसळला. नाव-फोनची यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड फक्त डॉक्टर आणि सचिवांकडे. रिपोर्ट घरोघरी पोचले की तीही पुसायची, असं ठरलंय. ‘आणि फॉर्मचे कागद?’ भाचीने सचिवांना विचारलं. ते अजून मंडळाच्या कपाटात आहेत, कुलूप नसलेल्या.