तारेच्या कुंपणाचा ताण आणि तार ताणण्याचे हत्यार

पीक पेरून झाले म्हणजे शेतकऱ्याची निम्मी चिंता संपते. उरलेली निम्मी चिंता राखणीची असते. अंबड तालुक्यात मोसंबीच्या नव्या बागेला ही राखण विशेष आवश्यक आहे. ऊस अगर कपाशी एका बाजूने खाल्ली गेली तर त्या वर्षाचे नुकसान होते; परंतु शेळ्यांनी मोसंबीच्या कलमाचा शेंडा व साल कुरतडली तर दोन-तीन वर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून गोदाकाठच्या काळ्या जमिनीत व जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर जेथे बागा वाढल्या, तेथे काटेरी तारेचे कुंपणही वाढले. मात्र कुंपण घालणे ही एक गोष्ट आणि ते ताठ राखणे ही दुसरी. अनेक शेतांत तार चांगली असते, खांबही भक्कम असतात. तरीही दोन पावसाळ्यांत तार झोळीसारखी लोंबते व तिच्यातून जनावरे सुखाने ये-जा करतात. या दोषाचे मूळ बहुधा तार ताणण्याच्या पद्धतीत असते. त्या पद्धतीचा व त्यासाठी लागणाऱ्या हत्याराचा येथे विचार केला आहे.

कुपाटी आणि तार

पूर्वी या भागात बाभळीच्या व बोरीच्या फांद्यांची कुपाटी घालीत, किंवा बांधावर निवडुंग व घायपात लावीत. ही कुंपणे स्वस्त असली तरी कुपाटी दरवर्षी नव्याने घालावी लागते आणि तिच्यासाठी झाडे तोडावी लागतात. आजच्या घडणीच्या काटेरी तारेचा शोध अमेरिकेत लागला. इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्यास २४ नोव्हेंबर १८७४ रोजी तिचे पेटंट मिळाले. दोन तारांना एकत्र पीळ देऊन त्यात काटा पक्का अडकविणे ही त्याची युक्ती होय. आज आपण वापरतो ती जस्ताचा मुलामा दिलेली तार त्याच घडणीची आहे.

कुपाटी आपल्या काट्यांनी व दाटीने जनावर अडविते. तारेचे तसे नाही. तारांच्या मधली जागा मोकळीच असते; जनावरास अडवितो तो काट्याइतकाच तारेतील ताण. ढिल्या तारेला कितीही काटे असले तरी शेळी ती मानेने बाजूस सारते आणि आत शिरते.

ताणाचा हिशेब

समजा, दोन खांबांमध्ये ३ मीटर अंतर आहे व तारेत ६० कि.ग्रॅ. इतका ताण आहे. जनावराने मधोमध १० कि.ग्रॅ. जोर लावला तर तार साधारण १२ सें.मी. बाजूस सरकेल. ताण २० कि.ग्रॅ. असेल तर तीच तार सुमारे ३७ सें.मी. सरकेल, म्हणजे वाटच मोकळी होईल. खर्च वाचविण्यासाठी खांब ६ मीटरवर रोवले, तर ६० कि.ग्रॅ. ताण असूनही तार २५ सें.मी. सरकेल. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. खांबांतील अंतर दुप्पट केले की कुंपणाचा जोर निम्मा होतो. आणि ताण तिप्पट केला की तोच जोर तिप्पट होतो. खांब वाढविण्यास पैसा लागतो. ताण वाढविण्यास योग्य हत्यार व थोडी काळजी पुरते.

तथापि ताणाला मर्यादा आहे. चार तारांच्या कुंपणात प्रत्येक तारेचा ताण ६० कि.ग्रॅ. धरला तर टोकाच्या खांबावर २४० कि.ग्रॅ. ओढ रात्रंदिवस पडत राहते. जवळजवळ अडीच क्विंटल ओझे आडवे टांगल्यासारखेच हे आहे. म्हणून तार ताणण्याआधी टोकाच्या खांबाची तयारी पाहावी.

हत्याराचे प्रकार

बहुतेक गावांत तार पहारीने ताणतात. तारेचा वेढा पहारीला देऊन पहार खांबाला टेकवतात व जोर लावतात. यात ताण मिळतो. पण तो धरून ठेवता येत नाही. एकाने पहार धरावयाची, दुसऱ्याने तार बांधावयाची, आणि बांधता बांधता निम्मा ताण निघून जावयाचा, असे होते. पहार निसटली तर इजाही होते.

या कामासाठी जे हातहत्यार असते ते तरफेच्या तत्त्वावर चालते. सुमारे ६० सें.मी. लांबीच्या दांड्याच्या एका टोकाला पंजासारखे दोन दात असतात. ते खांबाच्या कडेत रुततात. दातांपासून सुमारे ५ सें.मी. अंतरावर खाच असते. तीत तारेचा काटा अडकतो. दांडा दाबला की दात खांबाला धरून राहतात व तार पुढे ओढली जाते. लांब बाजू आखूड बाजूच्या १२ पट असल्यामुळे ८ कि.ग्रॅ. जोर लावला तरी, घर्षणात काही भाग जाऊनही, ६० ते ७० कि.ग्रॅ. ताण सहज मिळतो. मुख्य सोय अशी की एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने खिळा ठोकता येतो. हे हत्यार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून चांगला लोहार घडवू शकतो. मात्र दातांना पाणी देताना ते ठिसूळ होणार नाहीत अशी दक्षता घ्यावी. लाकडी खांबासाठी हे हत्यार उत्तम आहे. सिमेंटच्या खांबाची कड मात्र दातांनी फुटते. तेथे मध्ये लाकडाची फळी धरावी.

दुसरा प्रकार साखळीचा. त्यात तार पकडणारे दोन जबडे व एक साखळी असते; दांडा मागेपुढे केला की जबडे साखळीवर एक-एक कडी पुढे सरकतात व तार जवळ येते. न्यूझीलंडमधील अर्नेस्ट हेज यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात अशी हत्यारे घडविली व ती मेंढपाळांच्या देशांत सर्वत्र पसरली. लांब पल्ल्याची तार ताणण्यास व तुटलेल्या तारेची दोन टोके जवळ आणण्यास हा प्रकार सोयीचा आहे.

तिसरा प्रकार कुंपणातच कायमचा बसवावयाचा. यात लहान रूळ, दातेरी चाक व अडकण असते. पान्याने रूळ फिरविला की तार त्यावर गुंडाळली जाते व अडकणीमुळे उलटी सुटत नाही. प्रत्येक तारेला एक याप्रमाणे हे बसवावे लागत असल्याने खर्च अधिक येतो. परंतु दरवर्षी ताण देणे दोन मिनिटांचे काम होते. टर्नबकलचा उपयोगही असाच होतो. मात्र त्याची फिरकी मर्यादित असल्याने मोठी ढिलाई त्याने निघत नाही.

कामाचा क्रम

(१) हद्द व वाट : कुंपणापूर्वी हद्दीबद्दल शंका असल्यास भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी. बांधावरून शेजाऱ्याची वाट असल्यास तेथे फाटक ठेवावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून जाण्यायेण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देतात. तार ताणून झाल्यावर ती तोडण्याची पाळी येण्यापेक्षा आधी विचारणे बरे.

(२) मालाचा अंदाज : एक हेक्टरच्या चौरस शेताचा परीघ ४०० मीटर असतो. चार ओळींना १,६०० मीटर तार लागते. १२ गेजची दुहेरी काटेरी तार दर किलोस साधारण ९ ते १० मीटर भरते. म्हणजे सुमारे पावणेदोन क्विंटल तार हवी. ३ मीटरवर एक याप्रमाणे १३० ते १३५ खांब लागतात.

(३) कोपऱ्याचे खांब : काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ रोवलेले खांब कलतात. कोपऱ्याचा खांब किमान ७५ ते ९० सें.मी. खोल रोवावा. खड्ड्यातून निघालेली काळी माती पुन्हा न भरता मुरूम व दगड घालून धुमसाने घट्ट ठोकावे, अगर काँक्रीट करावे. ज्या दिशेस तार ओढते त्याच दिशेस, खांबाच्या दोन-तृतीयांश उंचीपासून जमिनीपर्यंत तिरपा टेका द्यावा व टेक्याच्या पायाखाली सपाट दगड ठेवावा. कोपऱ्यावर तारा दोन दिशांना जातात म्हणून टेकेही दोन हवेत. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी दिल्याखेरीज त्या खांबावर ताण देऊ नये.

(४) तार उलगडणे : तारेच्या गुंडाळीतून पहार घालून ती दोघांनी धरावी व चालत जाऊन तार उलगडावी. गुंडाळी जमिनीवर ठेवून तार उपसल्यास तिला आढ्या पडतात, आणि आढी पडलेल्या ठिकाणीच तार पुढे तुटते.

(५) ताणणे : एक टोक खांबाला दोन वेढे देऊन तारेवरच चार-पाच पीळ घालून पक्के करावे. ताण दुसऱ्या टोकाकडून द्यावा. एका वेळी १०० मीटरपेक्षा अधिक पल्ला घेऊ नये. लांबी अधिक असल्यास मध्ये टेका दिलेला खांब ठेवावा. चारही तारा प्रथम बेताने ताणाव्यात व मग पुन्हा एकदा पूर्ण ताणाव्यात. कारण शेवटची तार ताणताना खांब किंचित झुकतो व आधीच्या ढिल्या पडतात. जमिनीपासून २५, ५०, ८० व १२० सें.मी. ही उंची सर्वसाधारण शेतास योग्य होय. शेळ्यांचा उपद्रव अधिक असेल तर खाली आणखी एक ओळ द्यावी.

(६) मधल्या खांबांवर बांधणे : तार खांबाच्या ज्या बाजूने जनावर रेटते त्या बाजूस असावी, म्हणजे रेटा खिळ्यावर न पडता खांबावर पडतो. दुपायी खिळा थोडा तिरपा ठोकावा, जेणेकरून लाकूड एका रेषेत चिरणार नाही. तो पूर्ण आत ठोकू नये. तारेला सरकण्यास जागा ठेवावी. तार सर्व खांबांवर जखडली तर एका गाळ्यातील धक्का त्याच गाळ्याला सोसावा लागतो. सरकती ठेवली तर तो संपूर्ण पल्ल्यावर वाटला जातो.

ताणाची परीक्षा

यासाठी यंत्र नको. खिळे सैल असताना ३ मीटरच्या गाळ्यात मधोमध ५ लिटर पाण्याचा डबा टांगावा. तार ५ ते ७ सें.मी. खाली आली तर ताण योग्य समजावा. १५ सें.मी. खाली आली तर तार ढिली आहे. ३ सें.मी.देखील आली नाही तर ताण गरजेपेक्षा अधिक आहे. तो थोडा कमी करावा.

हंगामाचाही विचार हवा. लोखंड उन्हाने वाढते व थंडीने आखडते. अंबडकडे मे महिन्याची दुपार व पौषातली पहाट यांच्या तापमानात ३० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने १०० मीटर तारेची लांबी सुमारे साडेतीन सें.मी. बदलते. भर उन्हात तार कमाल ताणली तर थंडीत ती खांब ओढते किंवा सांध्यात तुटते. थंडीत बेताची ताणली तर वैशाखात लोंबते. म्हणून पावसाळ्यानंतर, जमीन खणण्यास मऊ असताना, सकाळी अगर सायंकाळी हे काम करणे इष्ट होय. पहिल्या वर्षी खांब स्थिरावतात. त्यामुळे एका पावसाळ्यानंतर पुन्हा ताण देणे अवश्य आहे.

धोके व दक्षता

ताणलेली काटेरी तार तुटली तर चाबकासारखी मागे येते. काम करताना चामडी हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असावा. तारेच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. मुलांना दूर ठेवावे. हत्यार सोडताना ते सावकाश सोडावे. गंजलेली जुनी तार नव्याने ताणू नये. ट्रॅक्टरला बांधून तार ओढू नये. चालकास ताण कळत नाही व तार किंवा खांब तुटल्यावरच तो कळतो. काटा लागल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लसीबद्दल आरोग्य केंद्रात विचारावे.

कुंपणाची तार विजेच्या खांबाला अगर त्याच्या ताणतारेला कधीही बांधू नये. रानडुकरे व रोही यांना रोखण्यासाठी घरगुती अगर पंपाच्या लाइनीतील वीज कुंपणात सोडणे हा गुन्हा आहे. अशा तारेने जनावराआधी माणूस मरतो. रात्री पाणी द्यायला जाणारा शेजारी, मजूर, कधी घरचाच मुलगा. सौर झटका यंत्र वेगळे. त्यातून क्षणिक, मर्यादित धक्के सोडले जातात. तेही काटेरी तारेला जोडू नये, कारण अडकलेला जीव सुटू शकत नाही. त्यासाठी साधी गुळगुळीत तार विद्युतरोधकांवर ताणावी. ताणाचे वरील नियम तिलाही लागू आहेत.

हेही स्पष्ट असावे की काटेरी तार मुख्यतः गुरे व शेळ्या-मेंढ्यांसाठी आहे. रोही तिच्यावरून उडी मारतो व डुक्कर खालून उकरते. ज्या शेताला त्यांचाच उपद्रव आहे तेथे केवळ ओळी वाढवून पैसा घालू नये; खालच्या भागास जाळी देण्याचा विचार करावा.

गावाने काय करावे

तार ताणण्याचे हत्यार एका शेतकऱ्याला वर्षातून दोन-चार दिवसच लागते. म्हणून प्रत्येकाने ते विकत घेण्याची गरज नाही. गावच्या अवजार बँकेने अगर शेतकरी गटाने एक साखळीचे व दोन तरफेची हत्यारे ठेवली तर साऱ्या शिवाराचे काम भागेल. गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांनी एखाद्या शेताच्या एका बाजूस प्रात्यक्षिक करून दाखवावे. पाण्याचा डबा टांगून ताणाची परीक्षा सर्वांसमोर घ्यावी. जुनी तार खराब समजून नवी घेण्यापूर्वी तिला योग्य ताण देऊन पाहावा. पुष्कळ शेतांत तारेचा दोष नसून केवळ ताणाची उणीव असते, आणि ती एका सकाळच्या मेहनतीने भरून निघते.