सात दरवाजांचे नगर

चारी बाजूंनी उंच डोंगर, मधोमध हिरवेगार सपाट मैदान आणि त्या मैदानात एकटेच उभे राहिलेले खडकाळ टेकाड. टेकाडाच्या माथ्यावर पांढऱ्या भिंतींचे नगर, गुळगुळीत पायऱ्या, कारंजी आणि सगळ्यांच्या वर राजाचा मनोरा. जे. आर. आर. टॉल्कीन यांनी कल्पिलेल्या एल्फ लोकांच्या नगरांत गोंडोलिन हे सर्वांत देखणे आणि सर्वांत सुखी. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलेल्यांना या नगराचे नाव ओझरते भेटलेले असते. ‘द हॉबिट’मध्ये ट्रोलच्या गुहेत गॅण्डाल्फ आणि थोरिन यांना ज्या दोन तलवारी सापडतात, त्या इथल्या भट्ट्यांत घडलेल्या. शत्रू जवळ आला की निळसर चमकणारे बिल्बोचे छोटे पातेही इथलेच. पण ते नगर कसे होते, तिथली माणसे कशी राहत होती, त्यांचे सण, बाजार आणि कायदे कोणते, हे फारसे कुणी सांगत नाही. ते सांगण्याजोगे आहे. समृद्ध नगर कशाने उभे राहते आणि कशाने पडते, याचा इतका बारकाईने केलेला विचार कल्पित वाङ्मयात क्वचितच सापडेल.

गोंडोलिनची कथा टॉल्कीन यांच्या पुराणविश्वातली अगदी पहिली दीर्घ कथा. पहिल्या महायुद्धात ते लँकेशायर फ्युजिलियर्सच्या ११ व्या तुकडीत संदेशवहनाचे अधिकारी होते. १९१६ च्या उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत सोमच्या आघाडीवर राहिले, खंदकातल्या तापाने आजारी पडले आणि नोव्हेंबरात इंग्लंडला परतले. त्याच आजारपणाच्या आणि रजेच्या काळात ही कथा कागदावर उतरली. १९२० मध्ये ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजातील निबंध मंडळात त्यांनी ती वाचून दाखवली. पुढे आयुष्यभर ते तिच्याकडे वळत राहिले. १९५१ च्या सुमारास त्यांनी ती नव्याने, विस्ताराने लिहायला घेतली, पण नायक शेवटचा दरवाजा ओलांडून नगराकडे पाहतो तिथेच लेखणी थांबली. टॉल्कीन १९७३ मध्ये गेले. त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९७७ मध्ये ‘द सिल्मारिलियन’, १९८० मध्ये ‘अनफिनिश्ड टेल्स’ आणि १९८४ मध्ये मूळ कथेचा खर्डा असे एकेक करून हे सगळे वाचकांपुढे आणले. २०१८ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, या कथेची सारी रूपे त्यांनी ‘द फॉल ऑफ गोंडोलिन’ या एका पुस्तकात एकत्र केली. त्यामुळे नगराचे चित्र आपल्याला तुकड्यातुकड्यांनी मिळते. घराणी आणि चौक पहिल्या खर्ड्यात, दरवाजे उत्तरकाळच्या लेखनात, इतिहास ‘सिल्मारिलियन’मध्ये.

इतिहास थोडक्यात असा. नोल्दोर एल्फ समुद्रापलीकडचे आपले सुखाचे घर सोडून मध्यभूमीवर आले, ते मॉर्गॉथ या महाशत्रूशी लढायला. त्यांच्यातला तुर्गोन हा राजपुत्र. त्याच्या मनातून मागे राहिलेले तिरिऑन नगर काही केल्या जात नव्हते. जलदेव उल्मो याने त्याला डोंगरांच्या कड्यात दडलेले तुमलादेनचे खोरे दाखवले आणि तिथे तिरिऑनच्या आठवणीबरहुकूम नवे नगर बांधायला तुर्गोनने सुरुवात केली. ५२ वर्षे गुप्तपणे काम चालले. मग तुर्गोनचा पिता फिंगोल्फिन याच्या पक्षातले जवळपास तृतीयांश नोल्दोर आणि त्यांच्याहूनही अधिक सिन्दार एल्फ गटागटाने, कुणाच्या नजरेस न पडता तिथे राहायला गेले. दोन वेगळ्या परंपरांचे लोक एका तटाआड नांदू लागले आणि त्यांचे एक जनपद झाले. उल्मोने तेव्हाच तुर्गोनला बजावले होते, की आपल्या हातच्या कामात फार जीव गुंतवू नकोस. या नगराचे सारे भवितव्य त्या एका ताकिदीत होते.

नगराकडे जाणारी वाट एकच. डोंगराखालच्या अंधाऱ्या भुयारातून बाहेर पडले की ओर्फाल्ख एखोर नावाची खोल घळ लागे. तिच्यात एकामागून एक सात दरवाजे. पहिला लाकडाचा, मग दगडाचा, कांस्याचा, पिळदार लोखंडाचा, चांदीचा, सोन्याचा आणि शेवटचा पोलादाचा. प्रत्येक दरवाजावर वेगळ्या वेशाचे पहारेकरी. दगडाचा दरवाजा म्हणजे आसावर तोललेली एक प्रचंड शिळा. लोखंडी दरवाजावर गरुडराज थोरोन्दोरची आकृती, कारण भोवतीच्या शिखरांवर त्याच्या गरुडांची घरटी होती आणि शत्रूच्या हेरांवर त्यांचीही नजर असे. सोन्याचांदीच्या दरवाजांवर समुद्रापलीकडच्या दोन प्रकाशवृक्षांची स्मृती कोरलेली. येणारा माणूस पाऊल टाकेल तसतशी सोन्यापर्यंत धातूची किंमत वाढते, कारागिरी नाजूक होते आणि पहारा कडक होतो. रचना संरक्षणाची आहे, पण ती करणाऱ्यांना संरक्षणातही सौंदर्य सोडवत नव्हते.

आत आल्यावर नगर खुले होई. थोरला बाजार, धाकटा बाजार, मिरवणुकांचा रस्ता, गुलाबांची गल्ली, विहिरींचा चौक. राजवाड्याजवळ देवांचे स्थान मानलेली जागा होती आणि पुढे बाहेरून आलेला तुओर व राजकन्या इड्रिल यांचा विवाह तिथेच लागला. राजवाड्यापुढच्या चौकातले कारंजे २७ फॅदम, म्हणजे १६० फुटांहून अधिक उंच उडे. खडकाच्या टेकाडावर वसलेल्या नगरात पाण्याचा हा दिमाख साधा नव्हे. पाणी हेच तिथल्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र होते आणि चौकांना नावेही पाण्यावरून पडलेली. राजवाड्यात तुर्गोनने त्या दोन प्रकाशवृक्षांच्या प्रतिमा सोन्याचांदीत घडवल्या होत्या, ग्लिंगाल आणि बेल्थिल. पहिल्या खर्ड्यात ती खरीखुरी झाडे आहेत. उत्तरकाळच्या लेखनात त्यांच्या जागी धातू आला. जुन्या घराची ओढ इतकी की तिची मूर्ती करून अंगणात उभी केली.

नगरातली वस्ती बारा घराण्यांत विभागलेली होती आणि प्रत्येकाचे चिन्ह, रंग, हत्यार आणि काम ठरलेले. पाकोळीच्या घराण्यात तिरंदाज आणि त्यांचा नायक दुइलिन. इंद्रधनुष्याच्या घराण्याचा एगालमॉथ श्रीमंत, रत्नांचा शौकी. वृक्षाच्या घराण्याचे लोक हिरव्या वेशातले, हाती सोटे आणि गोफणी, नायक गाल्दोर. कारंज्याचे घराणे चांदी आणि हिऱ्यांनी झळकणारे, एक्थेलियनचे, आणि ते लढाईला निघत बासऱ्यांच्या सुरांवर. सुवर्णपुष्पाच्या घराण्याचा नायक ग्लॉरफिन्डेल. या सगळ्यांत मला सर्वांत जवळचे वाटते ते क्रोधाच्या हातोड्याचे घराणे. लोहार आणि कारागीर यांचे हे घराणे, चिन्ह ऐरणीचे, नायक रोग. मॉर्गॉथच्या खाणींतून गुलामगिरी झुगारून पळून आलेले पुष्कळ जण याच घराण्यात सामावले गेले होते. परागंदा माणसाला ज्या नगरात आसरा मिळतो, हाताला काम मिळते आणि छातीवर मिरवायला चिन्ह मिळते, त्या नगराची श्रीमंती खरी मानावी. बाहेरून आलेला तुओर हा तर एल्फही नव्हता, माणूस होता. त्यालाही इथे दगड घडवणे, बांधकाम, विणकाम, भरतकाम, धातुकाम शिकायला मिळाले, राजकन्या मिळाली आणि बारावे घराणे त्याच्याच पांढऱ्या पंखाचे झाले.

वर्षाचा सर्वांत मोठा सण म्हणजे ‘तार्निन आउस्ता’, ग्रीष्माचे स्वागत. त्या रात्री सारे नगर रंगीत दिव्यांनी उजळे. लोक पूर्वेच्या तटावर जमत. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत कुणी एक शब्द बोलत नसे. सूर्याचा पहिला किरण आला की जुन्या गाण्यांनी त्याचे स्वागत होई. अख्ख्या नगराने मिळून मौन पाळायचे आणि मग एका आवाजात गायचे, हा सण कल्पायला नागर जीवनाची फार खोल जाण लागते. गर्दीला शिस्त लावायला इथे शिपाई लागत नव्हता.

या सुखाला एक अट होती. आत येण्याची वाट ज्याला कळली, त्याला बाहेर जाता येत नसे. राजाची बहीण आरेधेल कंटाळून बाहेर पडली आणि काही वर्षांनी आपल्या मुलासह, माएग्लिनसह, परतली. तिच्या मागावर आलेल्या तिच्या नवऱ्यापुढे, एओलपुढे, राजाने दोनच पर्याय ठेवले: इथे राहा किंवा मर. त्याचा शेवट दोन मृत्यूंत झाला, आधी आरेधेलचा आणि मग कड्यावरून लोटलेल्या एओलचा. हूरिन आणि हुओर या दोन माणसांना मात्र जाऊ दिले, कारण त्यांना गरुडांनी उचलून आणले होते आणि वाट त्यांना ठाऊक नव्हती. म्हणजे हा कायदा दुष्टपणाचा नव्हता, भीतीचा होता. पण भीतीने केलेला कायदा शत्रूइतकाच आपल्या माणसांनाही कोंडतो.

एकदाच हे नगर जगाच्या हाकेला धावून गेले. मॉर्गॉथविरुद्धच्या पाचव्या महायुद्धात तुर्गोन न बोलावता १०,००० सैनिक घेऊन उतरला. ते युद्ध हरले. नगर पुन्हा मिटले आणि आधीपेक्षा घट्ट मिटले. सातवा, पोलादाचा दरवाजा त्यानंतरचा. तो माएग्लिनने बांधला.

याच काळात उल्मोचा दूत म्हणून तुओर आला. निरोप स्पष्ट होता: नगर सोडा, सिरिऑन नदीकाठाने समुद्राकडे चला. तुर्गोन ऐकून घेणारा राजा होता, सुज्ञ होता. तरी तो नाही म्हणाला. चार शतकांचा घाम, तट, झाडे, कारंजे, हे सगळे टाकून जायला त्याचे मन होईना. नंतर तर त्याने डोंगरातले ते भुयारच बुजवून टाकले. बाहेरच्या राज्यांच्या पाडावाच्या वार्ता गरुड आणत, पण राजाचे कान त्यांना बंद झाले होते.

इथे मराठी वाचकाला रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आठवल्यावाचून राहत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या ग्रंथात दुर्गांविषयी सांगताना अमात्य स्पष्ट बजावतात, की गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष आहे, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात. वेढा पाहिलेल्या माणसांचे हे शहाणपण आहे. तुर्गोनच्या स्थपतींजवळ कौशल्य अपार होते, पण ते सगळे एकाच वाटेवर सात दरवाजे चढवण्यात खर्ची पडले.

चोरदिंडीची गरज ओळखली ती इड्रिलने. राजकन्या असून ती राजाच्या मताविरुद्ध गेली. बंड केले नाही, वाद वाढवला नाही. दक्षिणेच्या तटाजवळच्या आपल्या घराखालून, विश्वासातल्या खणणाऱ्यांच्या हातून, मैदानाखाली दूरवर जाणारे भुयार तिने गुपचूप खणायला लावले. माएग्लिनच्या माणसांना त्याचा पत्ता लागू दिला नाही. टॉल्कीन यांनी या कामाला ना मिरवणूक दिली ना चिन्ह. गोंडोलिनमधले सर्वांत मोलाचे सार्वजनिक बांधकाम तेच होते.

माएग्लिनला धातूचा शोध डोंगरापलीकडे घेऊन गेला आणि तिथे तो शत्रूच्या हाती सापडला. जिवाच्या भीतीने आणि इड्रिलच्या लोभाने त्याने नगराचा ठाव सांगितला. परत येऊन तो गप्प राहिला. तार्निन आउस्ताच्या रात्री सगळे पूर्वेकडे पाहत मौन धरून उभे असताना उत्तरेला लाल उजेड दिसला. सोन्यापोलादाच्या दरवाजांकडे शत्रू फिरकलाही नाही, तो डोंगर ओलांडून आला. त्याच्याबरोबर लोखंडी सर्प होते आणि काहींच्या पोटात सैनिक भरलेले. रणगाडे पहिल्यांदा युद्धात उतरले ते १५ सप्टेंबर १९१६ रोजी, सोमच्याच रणभूमीवर. अभ्यासकांनी या दोहोंचे नाते जोडले आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

हल्ला सुरू होताना राजाने सभा भरवली. तुओरचे म्हणणे, कोंडी फोडून लोकांना बाहेर काढू. माएग्लिनचे म्हणणे, इथेच थांबून नगर राखू. राजाने दुसरे मत स्वीकारले, कारण ते त्याच्या मनातले होते. मग एकेक घराणे पडत गेले. रोगच्या लोहारांनी मॉर्गॉथच्या अग्निराक्षसांवर, बॅलरॉगांवर, चाल केली आणि त्यांतला एकही परतला नाही. एक्थेलियन बॅलरॉगांचा सरदार गॉथमॉग याला घेऊन राजाच्या कारंज्यात बुडाला. अखेरीस तुर्गोनने मुकुट उतरवला, लोकांना तुओरच्या मागे जायला सांगितले आणि स्वतः मनोऱ्यावर थांबला. मनोरा त्याच्यासह कोसळला. काही जण ओळखीच्या जुन्या वाटेकडे पळाले. तिथे शत्रूने राक्षसी सर्प बसवून ठेवला होता. वाचले ते इड्रिलच्या भुयारातून गेलेले. डोंगरातल्या अरुंद खिंडीत ग्लॉरफिन्डेलने बॅलरॉगला अडवून प्राण दिले आणि उरलेले लोक सिरिऑनच्या मुखाशी पोहोचले. त्यांच्यात तुओर आणि इड्रिल यांचा सात वर्षांचा मुलगा एआरेंदिल होता. त्याचा मुलगा एल्रॉन्ड, आणि वंशात पुढे अ‍ॅरागॉर्न. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची निम्मी माणसे त्या भुयारातून आलेली आहेत, असे म्हटले तरी चालेल.

चोवीस-पंचवीस वर्षांच्या एका सैनिकाने, १९१६ सालातच रॉब गिल्सन आणि जी. बी. स्मिथ हे जिवलग मित्र गमावलेले असताना, हे नगर कल्पिले. त्याने त्याला कंगाल किंवा जुलमी केले नाही, आणि म्हणूनच त्याचा धडा आपल्याला टाळता येत नाही. गोंडोलिनमध्ये कला होती, पाणी होते, परक्याला जागा होती, राजा भला होता. कमी एवढीच, की नगर माणसांसाठी आहे हे विसरून माणसे नगरासाठी राहू लागली होती. तट, कारंजी आणि मनोरे यांचा अभिमान प्रत्येक समृद्ध शहराला असावा, पण तिथे अप्रिय बातमी ऐकणारे कान आणि इड्रिलसारखी वेळीच खणायला घेणारी माणसेही हवीत. इमारती पडल्यावर शहराचे जे उरते ते माणसे, आणि त्यांच्यासाठी वाट ठेवणे हे नगरशासनाचे पहिले काम आहे.